सहाव्या क्रमांकाची शिदोरी



स्मरणिकेसाठी विषय वाटून दिले तेव्हा व्यायामाची जिद्द कशी टिकवावी, हा विषय माझ्याकडे आला. आपल्या तुकडीत डॉक्टर आहेत, शाळेत खेळात चमकलेलेही आहेत. मग संगणकासमोर दिवस काढणाऱ्या बाईला हा विषय का, असे मी समितीला विचारले. डॉक्टर सांगतात ते कोणी ऐकत नाही, तू काहीतरी गोष्टीसारखे लिही, असे उत्तर मिळाले. म्हणून लिहिते आहे.

आपण सगळे आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. गटावरच्या गप्पा कशा बदलत गेल्या, आठवून पाहा. आधी नोकऱ्या, मग लग्ने, मग मुलांचे प्रवेश आणि आता साखर, रक्तदाब, गुडघे आणि मान. आपल्यातले काहीजण तर या मेळाव्याला येऊच शकणार नाहीत. त्यांची नावे या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आहेत. दर जानेवारीत कोणीतरी नवे बूट घेते, कोणी जिमचे वर्षाचे पैसे एकदम भरते, रोज चाललेल्या पावलांचे आकडे गटावर येऊ लागतात. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा भरेपर्यंत ते आकडे बंद झालेले असतात. इच्छा नसते असे नाही. ती दीड महिन्यापलीकडे टिकत नाही.

अशा वेळी मला एक माणूस आठवतो. त्याने एका ध्येयामागे चार वर्षे शरीर घासले. शेवटी काही हाती लागेल याची कसलीही खात्री नव्हती आणि लागले तेव्हा त्याचे मोलही पुरते कोणी केले नाही. खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे मल्ल. शाळेत सामान्यज्ञानाच्या तासाला त्यांचे नाव आपण पाठ केले होते. एका गुणाचा प्रश्न होता तो. त्या एका गुणामागे केवढे आयुष्य आहे, ते आता या वयात नीट कळते.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा, सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. घरात कुस्ती होतीच, त्यामुळे पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना मातीत उतरवले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाले. बांधा मात्र पैलवानी म्हणावा असा कधीच नव्हता. उंची साडेपाच फुटांच्या आतबाहेर, अंग सडसडीत. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले तेव्हा वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेलेल्या या किरकोळ मुलाला क्रीडाशिक्षकांनी परत पाठवले, असे सांगतात. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आपल्याहून थोराड मुलांना चीत करून आले.

कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी उभे केलेले कुस्तीचे माहेरघर. तिथल्या तालमीतला दिनक्रम कसा असतो हे आपल्या भागातल्या लोकांना वेगळे सांगायला नको. पहाटे उठायचे, लंगोट कसायचा, फावड्याने हौद्यातली माती उकरायची, मग जोर, बैठका, मग लढती. संध्याकाळी पुन्हा तेच. लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या किंवा नांदेडकडे माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतल्या कुस्त्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांचे नाव तर आपल्या वडिलांच्या पिढीत घराघरात होते. आम्हा मुलींना मात्र तो हलगीचा कडकडाट लांबूनच ऐकावा लागे. आखाड्याच्या कडेला उभे राहायचीही सोय नव्हती.

तालमीची एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. आज मन लागते आहे का, असे तिथे कोणी विचारत नाही. वस्ताद उभे असतात, जोडीदार वाट पाहत असतो, माती उकरायची पाळी आपली असते. म्हणून माणूस उठतो. मन लागले की काम सुरू करू, असे आपण ठरवतो. तालमीत काम सुरू होते आणि मन मागून येते. खाशाबा याच शिस्तीत वाढले. त्यांचा हातखंडा डाव होता ढाक. प्रतिस्पर्ध्याच्या मानेला विळखा घालून त्याला आपल्या अंगावरून फेकायचे. लहान चणीच्या पैलवानाला ताकदीपेक्षा वेग आणि अचूकपणा कामी येतो, आणि तो एकच डाव हजारदा घोटून येतो.

1948 साली लंडनला ऑलिंपिक होते. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलला आणि 22 वर्षांचे खाशाबा 52 किलो गटात लढायला गेले. जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा तो काळ. या तारखा वाचताना मला आपले आजीआजोबा आठवतात. लातूर आणि नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. रझाकारांच्या भीतीने गावेच्या गावे रात्री जागत होती. लंडनमधल्या स्पर्धा संपल्यावर महिनाभराने, 17 सप्टेंबरला, आपण मोकळे झालो. पलीकडे कराडचा एक तरुण देशाच्या नावाने जगापुढे उभा राहत होता, तेव्हा आपल्याकडे घरावर तिरंगा लावणेही जिवावरचे होते.

लंडनमध्ये खाशाबांपुढे एक नवीच अडचण आली. आयुष्यभर ते मातीत लढले होते आणि इथे मॅट होती. मातीत पाय रुततो, तोल सावरायला क्षणभर मिळतो. मॅटवर पाय वेगळा पडतो, पकड वेगळी बसते, हालचाल झटक्यात करावी लागते. आपल्याकडे समोरच्याची पाठ जमिनीला लावली की कुस्ती सुटते. तिथे ठरावीक वेळ होती आणि चितपट झाली नाही तर पंचांचा कौल होता. अमेरिकेचे माजी विजेते मल्ल रीस गार्डनर यांनी खाशाबांना या प्रकाराचे धडे दिले. तेवढ्या तयारीवर त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले. इराणच्या मन्सूर रईसींपुढे मात्र त्यांचे चालले नाही. अखेर सहावा क्रमांक आला.

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची जागा ही आहे. सहाव्या क्रमांकाला पदक नाही, मिरवणूक नाही, बक्षीस नाही. दोन वाटा सहज दिसत होत्या. मॅटची सवय नव्हती, सरावाला वेळ मिळाला नाही, असे सांगून मोकळे होता आले असते, आणि ते खोटेही ठरले नसते. किंवा मातीतल्या मैदानांत नाव कमावून सुखाने राहता आले असते. खाशाबांनी त्या सहाव्या क्रमांकाचा हिशेब मांडला. काय जमले, काय जमले नाही, कुठे कमी पडलो. आमच्या व्यवसायात प्रोग्रॅम नुसता बंद पडला तर डोके धरून बसावे लागते. पण नेमक्या कुठल्या ओळीवर अडला हे समोर आले की अर्धे काम झालेले असते. लंडनने खाशाबांना ती ओळ दाखवली होती.

आपण व्यायाम सोडतो तो बहुतेक वेळा याच वळणावर. तीन महिने चाललो, वजन दोनच किलो उतरले, मग कशाला, असे म्हणतो. दोन किलो उतरले हा आपला सहावा क्रमांक असतो. तो काय सांगतो आहे, हे पाहायच्या आधीच आपण मैदान सोडतो.

खाशाबा गावी परतले आणि चार वर्षे राबले. मॅटच्या कुस्तीचा विचार करून सराव वाढवला. आणखी एक अवघड निर्णय त्यांनी घेतला. पुढच्या ऑलिंपिकला ते 57 किलोच्या, म्हणजे वरच्या गटात उतरले. तिथे त्यांच्यासमोर मुळातच वजनदार मल्ल येणार होते.

पण 1952 च्या हेलसिंकीपर्यंत पोहोचण्यात कुस्तीखेरीज बरेच काही आडवे आले. निवडीच्या वेळी मद्रासच्या स्पर्धेत ते निसटत्या गुणांनी मागे पडले. निकाल अन्यायाचा आहे असे वाटून त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज ऑलिंपिकच्या कारभारातले मोठे नाव होते आणि त्यांना कुस्तीची जाण होती. पुन्हा लढत लावण्यात आली आणि या वेळी खाशाबांनी शंकेला जागाच ठेवली नाही. समोरच्या मल्लाला त्यांनी चीत केले.

निवड झाली, आता पैसे हवे होते. सरकारदरबारी पुरेशी मदत मिळेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. गोळेश्वर आणि कराडच्या लोकांनी दारोदार फिरून वर्गणी जमवली. घरच्यांनी, दुकानदारांनी, शेतकऱ्यांनी जमेल तसा हात लावला. ज्या मुलासाठी एका शिक्षकाने घर गहाण टाकले आहे, तो मुलगा पहाटे अंथरुणात लोळत पडणे शक्य तरी होते का? जिद्द आपल्या एकट्याच्या छातीत असते, अशी आपली समजूत आहे. खाशाबांच्या जिद्दीचा मोठा वाटा गोळेश्वरच्या घराघरांत ठेवलेला होता.

जुलै 1952. हेलसिंकी. पहिली लढत कॅनडाच्या एड्रियन पॉलिक्विनशी. लढतीची वेळ 15 मिनिटे. खाशाबांनी त्याला चीत केले ते 14 मिनिटे 25 सेकंदांनी. आणखी 35 सेकंद गेली असती तर निकाल पंचांच्या हाती गेला असता. चौदा मिनिटे झुंजल्यावर, दम उखडलेला असताना डाव साधणे, याला नुसते बळ पुरत नाही. त्या क्षणी उपयोगी पडतात चार वर्षांपूर्वीच्या एखाद्या कंटाळवाण्या पहाटेच्या बैठका, ज्या काढताना त्यांचा उपयोग कधी होणार हे ठाऊक नसते. पुढच्या लढतीत मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला त्यांनी 5 मिनिटे 20 सेकंदांत आडवे केले.

नंतर जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ झुंज झाली. ती खाशाबांनी थोडक्यात गमावली. इशीच पुढे सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. त्या दमछाकीनंतर लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोवशी लढायला बोलावले गेले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. हातात आले ते कांस्यपदक. सुवर्ण आणि रौप्य घेणाऱ्या त्या दोघांखेरीज त्या गटात त्यांना कोणी हरवले नाही. चार वर्षांत सहाव्यावरून तिसऱ्या क्रमांकावर, तेही वरच्या वजनगटात.

कराडला ते परतले तेव्हा शंभरहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. जेमतेम काही मिनिटांच्या वाटेला अख्खा दिवस लागला. ढोल, हलग्या, गुलाल, सगळे झाले. गुलाल उतरल्यावर खाशाबांनी काय केले, ते मला त्या मिरवणुकीपेक्षा मोठे वाटते. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले आणि त्या पैशांतून प्राचार्य खर्डेकरांचे घर सोडवले. ज्यांच्या जोरावर शरीर घडले त्यांचे ऋण त्याच शरीराने फेडले.

1955 मध्ये ते पोलिस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पुढच्या ऑलिंपिकची तयारी होती, पण गुडघ्याच्या दुखापतीने 1956 ची मेलबर्नची वाट बंद केली. तिशीतल्या पैलवानाचा गुडघा जाणे म्हणजे काय, हे पंचेचाळिशीत जिना उतरताना कठडा धरणाऱ्या आपल्यासारख्यांना थोडेफार कळेल. आता पदक मिळणार नव्हते. तरीही खाशाबांनी आखाडा सोडला नाही. पोलिसांच्या स्पर्धा जिंकल्या, तरुण शिपायांना शिकवले. सत्तावीसेक वर्षे नोकरी केली. बढती फार उशिरा, निवृत्तीच्या तोंडावर मिळाली. निवृत्तीवेतनासाठीही झगडावे लागले. 1982 मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या मशाल दौडीत त्यांना मानाने सहभागी करून घेतले तेव्हा ते 56 वर्षांचे होते. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला.

त्यानंतर भारताला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळायला 1996 साल उजाडले. लिअँडर पेसचे टेनिसमधले कांस्य. म्हणजे मध्ये 44 वर्षे गेली. कुस्तीतले पुढचे पदक तर 2008 चे, 56 वर्षांनंतरचे. तेव्हा कुठे लोकांना खाशाबांच्या कामाची उंची कळू लागली. मरणोत्तर अर्जुन पुरस्कार मिळाला, दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला नाव दिले गेले, आणि आता महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. आपले नवे बूट ज्या सुमारास कपाटात जायला लागतात, नेमक्या त्याच सुमारास हा दिवस येतो.

या आयुष्यातून आपल्यासारख्यांनी काय घ्यावे? आपल्याला कोणी हेलसिंकीला पाठवणार नाही. आपले मैदान छोटे आहे. लातूरच्या नाना-नानी पार्कातल्या चार फेऱ्या, नांदेडच्या गोदावरीकाठची सकाळ, पुण्या-हैदराबादच्या एखाद्या सोसायटीचा जिना. पण कुस्ती तीच आहे, आणि मला त्यातून तीन गोष्टी दिसतात.

पहिली म्हणजे ध्येय मोजता येईल असे हवे, आणि ते आपल्या कालच्या आकड्यावरून ठरवावे. खाशाबा सहाव्यावरून वर सरकायला निघाले होते. तब्येत सुधारायची, हे ध्येय नव्हे, ती सदिच्छा झाली. आज वीस मिनिटांत दमते, दिवाळीपर्यंत चाळीस मिनिटे न थांबता चालेन, हे ध्येय. वजनकाटा हट्टी असतो, महिना-महिना हलत नाही. चालण्याची मिनिटे, चढलेले जिने, खाली बसून हात न टेकता उठता येणे, ही मापे लवकर सरकतात आणि माणसाला धरून ठेवतात.

दुसरी, एकट्याने करू नये. आपल्याला कोणी घर गहाण टाकून पैसे देणार नाही, पण सकाळी सहा वाजता कोपऱ्यावर वाट पाहत उभी असलेली मैत्रीण जवळपास तेवढेच काम करते. तिला ताटकळत ठेवायची लाज वाटते, म्हणून आपण उठतो. ही लाज फार उपयोगाची आहे. गटावर शुभसकाळचे फूल पाठवण्यापेक्षा कोपऱ्यावर येते, एवढे दोन शब्द पाठवावेत.

तिसरी आपल्या वयाला सर्वांत लागू पडणारी. गुडघा गेला म्हणून खाशाबांनी शरीराशी नाते तोडले नाही, ते नाते बदलून घेतले. जे आता जमत नाही त्याचा शोक करत बसण्यापेक्षा जे जमते ते रोज करावे. पळता येत नसेल तर चालावे, चालताना दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून पोहावे, सायकल चालवावी, खुर्चीत बसून पायाचे व्यायाम करावेत. दोन दिवस बुडाले तर तिसऱ्या दिवशी निमूटपणे जावे. तालमीत आजारातून उठलेल्या पोराला वस्ताद कारण विचारत नाहीत, फावडे हातात देतात.

वर्गातल्या मुलींसाठी एक वेगळे. आपल्या वेळी मुलींच्या वाट्याला लेझीम आणि खोखो, तेही दहावीचे वर्ष आले की बंद. मग शिक्षण, नोकरी, संसार. शरीर हे घरकामाला आणि बाळंतपणाला लागणारी वस्तू होऊन बसले. दिवसभर राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला, हे वाक्य आपल्या आयांनी म्हटले आणि आपणही म्हणतो. मार्च 2023 मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. ज्या आखाड्याच्या कडेलाही आपल्याला उभे राहता आले नाही, त्याच्या मधोमध आता मुली उभ्या आहेत. आपल्याला निदान पहाटेचा पाऊण तास तरी घरात कोणाची परवानगी न मागता स्वतःसाठी काढता यायला हवा.

मेळाव्याच्या समितीपुढे मी एक सूचना ठेवते आहे. मेळाव्याच्या दिवशी प्रत्येकाने आपला आजचा आकडा एका वहीत लिहावा. किती मिनिटे चालता येते, किती जिने दम न लागता चढता येतात, काहीही एक. शेजारी आपल्या जोडीदाराचे नाव लिहावे, वर्गातलेच, शक्यतो त्याच गावातले. वही समितीने जपून ठेवावी. पुढचा मेळावा चार वर्षांनी घ्यायचे ठरते आहे. लंडन ते हेलसिंकी अंतरही तेवढेच होते. तेव्हा वही पुन्हा उघडू. कोणाचा आकडा किती वाढला याची स्पर्धा करायची नाही, बक्षिसेही ठेवायची नाहीत. त्या दिवशी वहीतल्या प्रत्येक नावाला हजेरी देणारा आवाज सभागृहात असावा, एवढेच मागणे आहे.